जपानला जाताय? मग दाशी आधी शिका

जपानला निघालेलं कोणी भेटलं की माझं एकच सांगणं असतं, तिथे कुकिंग क्लास करणार असाल तर तो ट्रिपच्या सुरुवातीलाच करून टाका, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आधी देवळं, बुलेट ट्रेन, फुजी, खरेदी आणि शेवटी एक दुपार मोकळी उरली म्हणून सुशीचा क्लास, त्याचे फोटो छान येतात आणि दुसऱ्या दिवशी फ्लाइट. मग जे शिकलात ते वापरायचं कधी? आम्ही क्योटोत पोचल्यावर लगेच क्लास केला आणि त्यानंतर जिथे जिथे जेवलो ते सगळं मला वेगळंच लागलं, म्हणजे पदार्थ तेच, पण आता वाटीत काय चाललंय ते कळत होतं.

आणि मी शाकाहारी आहे (अंडं चालतं, मासे नाही), हे आधीच सांगून टाकते कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. नवरा मालवणचा, त्याला मासे म्हणजे जीव की प्राण.

जपानमध्ये शाकाहारी माणसाला खरी अडचण मांसाची नसते. मांस दिसतं, ते टाळता येतं. अडचण असते दाशीची. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी म्हणा ना, ज्यात सूप होतं, भाज्या शिजतात, अंड्याची गुंडाळी होते, टोफूवर ओतायचा रस होतो, आणि नेहमीच्या दाशीत दोन गोष्टी असतात, कोम्बु नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी म्हणजे वाळवून धुरी दिलेला मासा (टूनाच्या जातीतला, कोकणात कुपा म्हणतात त्याच्या भाऊबंदांपैकी). त्यामुळे ताटात नुसतं वांगं किंवा नुसता पालक दिसला तरी तो माशाच्या पाण्यात शिजलेला असू शकतो. आणि सांगणारे मुद्दाम लपवतात असंही अजिबात नाही हं, त्यांच्या डोक्यात तो मासा म्हणून नसतोच. याला जुना इतिहास आहे. 675 साली तेन्मु सम्राटाने बौद्ध धर्माच्या प्रभावाखाली गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली, त्या यादीत मासे नव्हते. अशा बंद्या नंतरही येत राहिल्या, पळवाटाही निघत राहिल्या, पण मांस निषिद्ध आणि मासा रोजचा ही घडी बसली ती बसलीच. 1872 मध्ये मेइजी सम्राटाने बीफ खाल्ल्याचं जाहीर झालं तेव्हा कुठे राजमान्यता मिळाली. तर इतकी शतकं ज्या देशात मासा मांसात धरलाच नाही तिथे आपण जाऊन 'नो मीट' म्हणालो तर माशाचं पाणी येणारच की.

म्हणून क्लास निवडताना मी सुशी, रामेन, ग्योझा असले सगळे बाजूला ठेवले आणि घरगुती जेवणाचा शोधला. एक सूप, तीन पदार्थ, भात, लोणचं, अशी जी त्यांची ताटाची जुनी मांडणी आहे ती शिकवणारा. बुकिंग करतानाच लिहिलं की एक जण मासे खात नाही, दाशीतलासुद्धा नाही. उत्तर आलं की काही हरकत नाही, दोन दाशी करू, दोघांनाही दोन्ही कळतील. या एका वाक्यावर मी पैसे भरले.

क्लास एका जुन्या लाकडी घरात होता, क्योटोत माचिया म्हणतात तसलं, रस्त्याकडे तोंड अगदी अरुंद आणि आत लांबच लांब. शिकवणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात, सगळे त्यांना सेन्सेई म्हणत होते म्हणून आम्हीही. त्या आम्हाला आधी निशिकी बाजारात घेऊन गेल्या. जेमतेम चारशे मीटरची छपराखालची गल्ली, दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर रस्ता अडेल एवढीच रुंद, आणि दोन्ही बाजूंना लोणची, टोफू, युबा (सोयाबीनच्या दुधावरची साय), सुके मासे, सुऱ्या. टूरिस्टांची गर्दी इतकी की निम्म्या दुकानांत काठीला लावलेलं काहीतरी खायलाच मिळतं, पण सेन्सेई सरळ कोम्बुच्या दुकानात गेल्या. जाता जाता त्यांनी बंद शटरवरची चित्रं दाखवली, ती इतो जाकुचू या चित्रकाराची. हा 1716 साली याच गल्लीतल्या भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. त्याचं एक चित्र क्योटोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं, पण त्यात बुद्धाच्या जागी एक दुफाटा मुळा आडवा पडलाय आणि भोवती शोक करायला वांगी, भोपळे, कंद अशा सगळ्या भाज्या जमल्यात. मला ते चित्र फार म्हणजे फारच आवडतं. भाजीकडे इतक्या आदराने बघणारा माणूस भाजीवाल्याच्याच घरात जन्मू शकतो.

तर कोम्बु. दुकानात तो चामड्याच्या पट्ट्यांसारखा रचून ठेवला होता, काळपट हिरवा, कडक, वर पांढरी भुकटी. ती भुकटी बुरशी नसते, ते मॅनिटॉल नावाचं साखरेच्या जातीचं द्रव्य असतं आणि त्याला चव असते, म्हणून कोम्बु धुवायचा नाही, फार तर ओल्या फडक्याने हलकं पुसायचं. जातीही बऱ्याच आहेत. क्योटोला लागतो रिशिरी कोम्बु, त्याचं पाणी नितळ राहतं. ओसाकाची पसंती माकोम्बुला. राउसुचं पाणी दाट आणि जरा पिवळसर होतं, आणि हिदाका लवकर मऊ होतो म्हणून तो शिजवून खायला बरा. गंमत अशी की हे जवळजवळ सगळं येतं पार उत्तरेच्या होक्काइडोहून आणि क्योटोला तर समुद्रच नाही. इदो काळात (साधारण सतरावं ते एकोणिसावं शतक) कितामाएबुने नावाची व्यापारी गलबतं पश्चिम किनाऱ्याने खाली यायची, त्सुरुगा बंदरात कोम्बु उतरायचा आणि तिथून डोंगर ओलांडून, बिवा सरोवरातून बोटीने क्योटोत. ताजी मासळी इथवर टिकायचीच नाही. जे वाळवून किंवा खारवून येईल ते, आणि आजूबाजूच्या शेतातली भाजी, आणि जमिनीखालचं मऊ पाणी, एवढ्यावर या शहराने आपला स्वयंपाक उभा केला. आणि देशात भारी जेवण कुठलं म्हटलं तर आजही लोक क्योटोचं नाव घेतात!

घरी परत आल्यावर सेन्सेईंनी दोन पातेली गॅसवर ठेवली. लिटरभर पाण्याला साधारण दहा ग्रॅम कोम्बु. तो आधीच थंड पाण्यात भिजत होता, आता गॅस अगदी मंद. आपल्याकडे स्वयंपाक सुरू झाला हे फोडणी सांगते, मोहरी तडतडते, हिंगाचा वास जिन्यापर्यंत जातो, खालच्या मजल्यावर कळतं की आज आमटी आहे. इथे काहीच ऐकू येत नव्हतं. पाणी उकळू द्यायचंच नाही, साठ अंशांच्या आसपास धरून ठेवायचं, कोम्बु हळूहळू फुगतो, कडा मऊ होतात, बारीक बुडबुडे तळाला चिकटलेले दिसतात आणि पाणी उकळीला येण्याआधी कोम्बु बाहेर. उकळला तर पाणी बुळबुळीत होतं आणि शेवाळाचा उग्र वास येतो.

मग त्यांनी आम्हाला छोट्या पांढऱ्या कपात ते पाणी दिलं. नुसतं. मी प्यायले आणि खरं सांगते, पहिल्या घोटाला मला काहीही लागलं नाही. गरम पाणी, किंचित समुद्राचा वास. मग त्यांनी त्याच कपात चिमटीने मीठ टाकलं, अगदी चार-पाच खडे, ढवळलं आणि परत प्या म्हणाल्या. आणि तेच पाणी भरलं की हो! गोड म्हणावं तर गोड नाही, खारट तर नाहीच, पण जिभेच्या दोन्ही बाजूंना आणि पार मागे काहीतरी पसरलं आणि घोट गिळल्यावरही ते जाईना. मी कप ठेवला आणि थोडा वेळ बोललेच नाही कारण बोलले असते तर ती चव गेली असती.

या चवीचं नाव उमामी, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण ती शोधली कुठे तर याच पाण्यात. टोकियोच्या इम्पीरियल युनिव्हर्सिटीतले केमिस्ट्रीचे प्रोफेसर इकेदा किकुनाए यांनी 1908 साली कोम्बुमधून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि गोड, आंबट, खारट, कडू यांत न बसणारी ही पाचवी चव त्याची आहे असं मांडलं. पुढच्याच वर्षी ते पावडर म्हणून बाजारात आलं, नाव अजिनोमोतो. हो, तेच, आपल्या चायनीजच्या गाडीवर स्टीलच्या डब्यात असतं ते! मी लहानपणापासून 'अजिनोमोटो घातलेलं खाऊ नका' हे ऐकत आलेय आणि त्याचा उगम अशा नितळ पाण्याच्या पातेल्यात आहे हे मला तिथे उभी असताना पहिल्यांदा नीट उमगलं. 1913 मध्ये इकेदांचेच विद्यार्थी कोदामा शिंतारो यांनी कात्सुओबुशीतला इनोसिनेट, म्हणजे त्यातलं उमामीचं द्रव्य, शोधला, आणि 1957 मध्ये कुनिनाका अकिरा यांनी दाखवलं की असले पदार्थ ग्लुटामेटसोबत आले की चव नुसती एकात एक मिळवल्याएवढी वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढते. वाळवलेल्या शीताके मशरूममध्ये जो ग्वानिलेट असतो त्याचंही तसंच. म्हणजे कोम्बु आणि मासा ही जोडी जपानी आज्ज्यांनी शतकानुशतकं जिभेवर ठरवली आणि लॅबने नंतर सही केली.

दुसऱ्या पातेल्यात हीच जोडी होणार होती. नवऱ्याच्या हातात सेन्सेईंनी कात्सुओबुशीचा ठोकळा दिला. मासा वाटतच नाही तो, वाळलेलं लाकूडच. दोन ठोकळे एकमेकांवर आपटले तर टिपऱ्यांसारखा टणक आवाज येतो. माशाचे लांब तुकडे उकडतात, काटे काढतात, पुन्हापुन्हा लाकडाची धुरी देतात, आणि उंची प्रकारात वर मुद्दाम बुरशी चढवून उन्हात वाळवतात, ती खरवडतात, परत चढवतात, असं महिनोन्महिने चालतं. तो ठोकळा किसायला सुतारासारखा रंधा, फक्त उलटा, पातं वर आणि खाली छोटा ड्रॉवर. ठोकळ्याची दिशा बरोबर धरली तर पातळ, गुलाबीसर, आरपार दिसणाऱ्या पट्ट्या पडतात, दिशा चुकली तर भुगा. नवरा एरवी घरात कांदा चिरायला घ्या म्हटलं की गायब होतो, तो तिथे मन लावून किसत बसला होता, सेन्सेईंनी ड्रॉवर उघडून बघितला आणि मान हलवली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

गॅस बंद करून त्या पट्ट्या पाण्यात टाकायच्या, त्या स्वतःहून बुडेपर्यंत थांबायचं, एक-दोन मिनिटं, मग कापडातून गाळायचं. पिळायचं नाही. सेन्सेईंनी हे दोनदा सांगितलं, पिळलं की कडवटपणा उतरतो. जेवढं आपणहून गळेल तेवढंच घ्यायचं. वाया काही जात नाही, तो चोथा आणि कोम्बु परत पाण्यात घालून जरा उकळून दुसरी दाशी काढतात, ती मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपला आणि भाज्या शिजवायला, आणि त्यानंतर उरलेला कोम्बु बारीक चिरून सोया सॉस आणि मिरीनमध्ये (स्वयंपाकाची गोड तांदळाची वाइन) आटवतात, तो भाताबरोबर तोंडी लावायला.

माझ्या पातेल्यात माशाऐवजी शीताकेचं पाणी आलं. वाळवलेले शीताके रात्रभर थंड पाण्यात, फ्रिजमध्ये, गरम पाण्यात घाईने नाही. हे पाणी चहासारखं तपकिरी होतं आणि वास इतका दांडगा की कोम्बुच्या पाण्यात ते थोडंच घालायचं नाहीतर सगळं मशरूमच लागतं. ही झाली शोजिन दाशी, झेन मठांतली. मठांतल्या या स्वयंपाकात मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीचे उग्र कंदही नाहीत. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या माझ्या आजीला हे सांगायला हवं होतं असं फार वाटलं, ती असती तर तिला यात काहीच परकं वाटलं नसतं.

बाकीचे पदार्थ भराभर सांगते. भात मातीच्या भांड्यात. पालक उकडून, पिळून, तिळाच्या कुटात कालवला. तीळ जरा गरम करून सुरिबाची नावाच्या खाचा पाडलेल्या मातीच्या खलात रगडायचे, एकाने खल धरायचा आणि दुसऱ्याने बत्ता फिरवायचा, तेल सुटेपर्यंत नाही, त्याच्या थोडं आधी थांबायचं. भोपळा दाशीत शिजवला, वर पातेल्याच्या तोंडापेक्षा लहान असं लाकडी झाकण थेट भाजीवर ठेवून, म्हणजे थोड्याच पाण्यात सगळे तुकडे भिजतात आणि उकळीने फुटत नाहीत (हे मी घरी लगेच उचललं, स्टीलची लहान ताटली चालते). अंड्याची गुंडाळी चौकोनी तव्यावर, अंड्यात दाशी भरपूर, म्हणून ती कापताना पाझरते. क्योटोचा पांढरा मिसो, ज्यात मीठ कमी आणि तांदळाचं कोजी (आंबवण्यासाठी बुरशी चढवलेला तांदूळ) जास्त म्हणून गोडसर. मिसो गॅस बंद केल्यावरच विरघळवायचा, उकळायचा नाही.

सगळं दोन दाशींत वेगवेगळं केलं होतं, त्यामुळे टेबलावर आम्ही दोघांनी समोरासमोर तेच ताट खाल्लं, त्याचं माशाचं, माझं शीताकेचं. नवऱ्याने माझ्या वाटीतलं सूप चाखलं. मी त्याच्यातलं चाखलं नाही पण वास घेतला, धुराचा, चुलीजवळ बसल्यासारखा. तो म्हणाला, तुझं खोल आहे, माझं उंच आहे. असलं काही तो एरवी बोलत नाही.

आता यापुढचं सांगते, कारण क्लास आधी का करावा ते इथे आहे. नंतर नान्झेनजी देवळाजवळ आम्ही युदोफू खायला गेलो, म्हणजे गरम पाण्यात टोफू, बस. क्लासच्या आधी गेले असते तर म्हणाले असते, एवढे पैसे आणि पाण्यात टोफू? पण भांड्याच्या तळाशी मला तो कोम्बुचा तुकडा दिसला आणि मी आधी टोफू बाजूला ठेवून चमच्याने ते पाणीच प्यायले. आणि हेही कळलं की पाण्यात मासा नाही पण बुडवून खायचा जो सॉस देतात त्यात असतो, म्हणून मी साधा सोया सॉस मागितला, त्यांनी लगेच आणून दिला. आराशियामाला तेन्र्युजी देवळाच्या आवारात शिगेत्सु म्हणून शोजिन जेवणाची जागा आहे, तातामीवर (गवती चटयांच्या जमिनीवर) बसायचं, लाल लाखेच्या भांड्यांत वाढतात. तिथे तिळाचा टोफू खाल्ला, वाटीवाटीला नवीन चव, आणि प्रत्येक रस्सा पिताना मी डोक्यात हिशेब लावत होते, यात शीताके जास्त, यात नुसता कोम्बु. परदेशात पहिल्यांदाच मी 'यात काही नसेल ना' हे विचारल्याशिवाय एक अख्खं जेवण जेवले. त्याचं सुख मांसाहारी माणसाला कळायचं नाही.

नवऱ्याला वेगळाच छंद लागला. क्योटोत उदोनचा (गव्हाच्या जाड नूडल्स) रस्सा फिका, वाटीचा तळ दिसेल असा, आणि टोकियोत गेलो तर सोबाचा (बकव्हीटच्या नूडल्स) रस्सा जवळजवळ काळा. पश्चिमेकडे कोम्बुवर भर आणि रंगाने फिका सोया सॉस, पूर्वेकडे कात्सुओबुशीवर भर आणि गडद सॉस. इतकं पक्कं की डोनबेई नावाचे इन्स्टंट उदोनचे कप मिळतात त्यांचीसुद्धा पूर्वेची आणि पश्चिमेची चव वेगवेगळी विकतात. तो दोन्हीकडचे कप बॅगेत भरून घेऊन आला.

शाकाहारी जाणाऱ्यांनी एवढं पाठ करा, 'निकु मो साकाना मो ताबेमासेन', मांसही नाही आणि मासेही नाही, आणि पुढे जोडा 'कात्सुओ-दाशी मो दामे देसु', माशाची दाशीसुद्धा चालत नाही. दुसरं वाक्य ऐकल्यावर समोरचा माणूस थबकतो, आत जाऊन विचारून येतो, आणि पुष्कळदा सांगतो की आमच्याकडे मग फक्त भात आणि लोणचं. वाईट वाटून घेऊ नका, तो प्रामाणिकपणे सांगतोय. शोजिन दाशी शिकवणारा क्लास हवा असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहा, आयत्या वेळी सांगून रात्रभर भिजलेले शीताके मिळत नाहीत.

आणि ज्यांना एवढ्यात जाणं नाही त्यांनी घरी करून बघा. कोम्बु आता मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन मिळतो. फिल्टरचं पाणी घ्या, बोअरच्या जड पाण्यात चव नीट उतरत नाही. लिटरला दहा ग्रॅम, रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी मंद गॅसवर गरम करून उकळीच्या आधी काढा. थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून, कारण कोम्बुत आयोडीन भरपूर असतं. मिसो नसला तर नसू दे, टोफूचे चार तुकडे घाला किंवा पालकाची पानं, पण त्याआधी अर्धा कप नुसतं पाणी वेगळं काढा, एक घोट तसाच घ्या, मग चिमूटभर मीठ टाका आणि दुसरा घोट घ्या.